गावी आईबाबा दोघेच असतात, अचानक लाईट गेली तर घरात काय काय सांभाळायचं?

हर्णैची_लेक

नमस्कार मंडळी. माझे आईबाबा दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे एका वाडीत राहतात. बाबा ७८ वर्षांचे, आई ७२. मी कोथरूडला, भाऊ मस्कतला. बाबांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुना दम्यासारखा आजार आहे, रात्री झोपताना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो, डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटरवर ठेवायला सांगितलंय. आईला मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन.

परवा रात्री जेवणं चालली होती तेवढ्यात जोराचा वारा सुटला आणि लाईट गेली. आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तासाभरात मोबाईलची रेंजही गेली, त्यामुळे मला इकडे काहीच कळेना. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो दोन पंखे आणि चार दिवे एवढ्यासाठीच बसवलेला. त्यावर मशीन चालेल का, चाललं तर किती वेळ, हे कुणालाच माहीत नसल्यामुळे बाबा रात्रभर खुर्चीत टेकून बसून राहिले. आई कंदील घेऊन मागच्या पडवीत फाटी (जळणाची लाकडं) आत घ्यायला गेली, तीही अनवाणी. हे सगळं तिने मला दोन दिवसांनी, आंब्याच्या पेट्यांचं बोलता बोलता सांगितलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी आठवडे अंधार होता. आख्खी आगरं आडवी झाली होती, खांब वाकून रस्त्यावर पडले होते. पण तेव्हा बाबांना मशीन नव्हतं. आता पावसाळा तोंडावर आलाय आणि माझ्या पोटात गोळा येतो.

भाऊ म्हणतो, एक छोटा पेट्रोल जनरेटर घेऊ आणि पडवीत ठेवू. शेजारचा मुलगा म्हणतो, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून देतो, एक टोक जनरेटरला आणि एक स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये घातलं की सगळं घर चालतं. स्वस्तात काम होईल असं सगळ्यांना वाटतंय. मला मात्र हे काहीतरी चुकतंय असं वाटतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. कुणी जाणकार असेल तर सविस्तर सांगा. दोघंच म्हातारी माणसं घरात आहेत हे धरूनच सांगा.

---

जुना_लाइनमन

ताई, तुमच्या मनाने बरोबर कौल दिलाय. ती दोन पिनांची वायर कुणालाही बनवू देऊ नका. बनवली असेल तर आजच फोन करून तिच्या पिना कापून टाकायला सांगा. बाकीचं नंतर बोलू, हे आधी.

माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात लाईनवर गेली. आता निवृत्त आहे. त्या वायरीचं काय होतं ते नीट सांगतो. एक तर, तिचं एक टोक प्लगमधून निसटलं तर उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. अंधारात, ओल्या फरशीवर, ७२ वर्षांच्या बाईच्या हाताजवळ. आणि दुसरं त्याहून मोठं आहे. जनरेटरची वीज प्लगमधून तुमच्या घरात जाते आणि मेन चालू राहिला असेल तर मीटरमधून उलटी बाहेर, सर्व्हिस वायरवर, खांबावर जाते. तिथून डीपीपर्यंत, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरच्या जागेपर्यंत. डीपीचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो, तसाच उलट्या बाजूने वीज आली तर घरगुती व्होल्टचे ११ हजार करतो. त्याला कळत नाही कुठून आली ते.

लोक मला म्हणतात, अहो एवढासा जनरेटर, त्याने काय गावाची लाईन चालू होणार? एरवी नाही होणार. शेजारच्या दहा घरांचा लोड अंगावर आला की तो धापा टाकून बंद पडतो. पण वादळात तारा तुटून लाईनचा तुकडा सुटा झालेला असतो. त्या तुकड्यावर लोडच नसतो. मग तो एवढासा जनरेटर तार जिवंत ठेवतो, आणि त्याच तारेला सांधा मारायला आमचा पोरगा खांबावर चढलेला असतो. त्याने सब-स्टेशनवरून लाईन बंद ठेवायचं पर्मिट घेतलेलं असतं, एबी स्विच (लाईन तोडायचा खांबावरचा स्विच) ओढलेला असतो, आपली लाईन मेली आहे हे त्याने पक्कं केलेलं असतं. चढण्याआधी दोन्ही बाजूंना अर्थिंग टाकायचं शिकवलेलं आहे आणि ते टाकलंच पाहिजे, पण भर पावसात, रात्री, गाव वाट बघतंय म्हणून घाईत असलेल्या माणसाचा जीव तुमच्या स्वयंपाकघरातल्या प्लगवर टांगणीला लागू नये. वाडीतल्या प्रत्येक घराला माझी हात जोडून विनंती आहे ही.

जनरेटर घ्यायचाच असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तो एका वेळी एकीकडेच जोडतो, एकतर लाईन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. किंवा घराच्या वायरिंगला हातच लावू नका. चांगली जाड एक्स्टेन्शन घ्या आणि मशीन थेट जनरेटरवर लावा.

पण खरं विचाराल तर दोघं म्हातारी असताना मी पेट्रोल जनरेटर सुचवणार नाही. पडवीत ठेवायचा म्हणता. पडवीची खिडकी माजघरात उघडते ना? जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. बाबांची फुफ्फुसं आधीच दमलेली. जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब हवा, धुराचं तोंड घराकडे नको, वर पाऊस लागू नये असं छप्पर हवं पण चारी बाजू मोकळ्या हव्यात. आणि रात्री दोन वाजता पेट्रोल संपलं तर? गरम इंजिनवर पेट्रोल सांडलं की भडका उडतो. थंड होईपर्यंत थांबून, बॅटरीच्या उजेडात, छत्री सांभाळत ते ओतणार कोण? त्यापेक्षा इन्व्हर्टर नीट करा आणि जोडीला ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवा. सिलिंडरचं इथले कुणी दवाखान्यातले सांगतील.

आता लाईट जाते त्या क्षणाचं. आधी शेजारी बघायचं, त्यांची आहे का. सगळ्या वाडीची गेली तर बिघाड बाहेरच्या लाईनवर आहे. फक्त आपली गेली तर आपल्या बोर्डात काहीतरी पडलंय. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला असेल तर एकदा वर करून बघा. लगेच पुन्हा पडला तर करंट कुठेतरी जमिनीत गळतोय. पावसाळ्यात हमखास होतं, बाहेरचा दिवा, पंप, गिझर, भिजलेली भिंत. अशा वेळी त्याला काडी लावून वर धरून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं मुळीच करू नका. ज्या यंत्राने जीव वाचतो त्याचाच गळा दाबण्यासारखं आहे ते. सगळे स्विच बंद करून एकेक चालू करत जा, ज्याने पडेल तो पॉइंट बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा. आणि ताई, जुन्या घरात नुसतेच किटकॅट फ्यूज असतात, ईएलसीबी नसतोच. नसेल तर पावसाआधी ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. जनरेटरच्या पैशात हे कितीतरी कमीत होतं.

वाडीची लाईट गेली तर इस्त्री, गिझर, मिक्सर, पंप, टीव्ही सगळ्यांची बटणं बंद करायची, फ्रिजचंही. एक दिवा मात्र चालू ठेवायचा, म्हणजे लाईट आलेली कळते. आली की पाच-दहा मिनिटं काहीच लावायचं नाही. आम्ही सब-स्टेशनवरून फीडर, म्हणजे गावांकडे येणारी मुख्य लाईन, चालू करून घेतो, तो ठरतो, पुन्हा ट्रिप होतो, पुन्हा घेतो. त्या चढउतारात फ्रिजचे कॉम्प्रेसर जातात. त्यातही एक खूण लक्षात ठेवा. लाईट आल्यावर दिवे नेहमीपेक्षा जास्तच लखलखायला लागले, पंखा सुसाट सुटला, आणि शेजारी म्हणतोय आमचे मंद आहेत, तर न्यूट्रल तुटलाय. २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात. तिथल्या तिथे मेन बंद करायचा आणि फोन करायचा.

सगळ्यात वाईट बादलीतला रॉड. कोकणात अजून न्हाणीघरात सर्रास लावतात. पाणी तापत असतानाच लाईट जाते, रॉड बादलीत तसाच राहतो, बटण चालूच. थोड्या वेळाने कुणीतरी पाणी कितपत तापलंय बघायला बोट घालतं आणि नेमकी त्याच वेळी लाईट येते. रॉडच्या वरच्या टोकाला बारीक तडा असला, आत पाणी गेलेलं असलं, तर माणूस बादलीलाच चिकटतो. लाईट गेली की पहिलं काम न्हाणीघरात जाऊन बटण बंद करून पिन उपटून काढणं. आईंना हे एवढं नक्की सांगा. बंब असेल तर तोच बरा.

आणि मेन बंद केला म्हणजे घरातली सगळी वीज गेली असं समजू नका. इन्व्हर्टर चालू असेल तर त्याच्यावरचे पॉइंट जिवंतच असतात. दिवा बदलायला किंवा बोर्ड उघडायला जाण्याआधी इन्व्हर्टरही बंद.

बाहेरचं थोडक्यात. वाऱ्याने तार पडली असेल तर ती मेलेली आहे असं कुणीही म्हटलं तरी विश्वास ठेवायचा नाही. गावाला लाईट नाही म्हणून तार मेलेली असं नसतं, कारण फॉल्ट कुठे आहे शोधायला आम्ही लाईन चालू करून बघतो. दहा मीटरच्या आत जायचं नाही, गुरं सोडवायलाही नाही. ओल्या जमिनीतून करंट पसरतो. चुकून जवळ गेलोच आणि पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर धावायचं नाही. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत घासत, बोटभर बोटभर मागे यायचं. दोन पावलांत अंतर पडलं की करंट एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो. गाय-बैल जास्त मरतात ते त्यामुळेच, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर फार.

अजून एक. अंगणात कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधली असेल आणि तिचं एक टोक लाईटच्या खांबाला, खांबाच्या ताणाला (खांब ओढून धरणाऱ्या तारेला) किंवा सर्व्हिस वायरच्या आधाराला असेल तर आजच सोडवा. नायलॉनची दोरी लावा, झाडाला नाहीतर लाकडी वाशाला.

---

वॉर्डातली_सिस्टर

ताई, मी साताऱ्याला आयसीयूमध्ये काम करते. लाइनमनकाकांनी सिलिंडरचा विषय माझ्यासारखीवर सोडलाय, म्हणून लिहिते.

घरी ठेवायला बी टाइपचा सिलिंडर बरा. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरने धरला तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. पूर्ण भरलेला असेल तर एक रात्र आरामात निघते. दोन ठेवले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची चिंता नाही. रेग्युलेटरवरचा काटा किती दाखवतो ते दर पंधरवड्याला बघायला सांगा, कारण वापरला नाही तरी हळूहळू गळती होऊन ऐन वेळी रिकामा निघू शकतो. चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा. पहिल्यांदा उघडायचं तंत्र बाबांना आणि आईंना दोघांनाही दिवसाउजेडी, निवांत वेळी करून दाखवा. आईंच्या हाताने व्हॉल्व्ह फिरतोय का हे बघणं फार महत्त्वाचं आहे. दुकानदार फार घट्ट आवळून देतात आणि म्हाताऱ्या मनगटाला तो हलत नाही.

सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने नाहीतर पट्ट्याने बांधलेला. रेग्युलेटर घट्ट बसतो म्हणून कुणी खोबरेल तेलाचं बोट लावतं. ते अजिबात चालत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-तूप लागलं की पेट घेऊ शकतं. जेवून उठलेला, तेलकट हात आधी साबणाने धुवायचा. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती, कंदील, उदबत्ती, काही नाही. लाईट गेली की पहिल्यांदा हात मेणबत्तीकडेच जातो, म्हणून त्या खोलीतून मेणबत्त्या आणि काडेपेटी उचलूनच टाका. नाकातली नळी, उशी, पांघरूण ऑक्सिजनने भिजल्यासारखं झालेलं असतं, एक ठिणगी पुरते.

बाबांना धाप जास्त लागली म्हणून घाबरून कुणी फ्लो चार-पाच लिटरवर नेऊ नका. सीओपीडीच्या माणसाला जास्तीचा ऑक्सिजनही बाधतो, शरीरात कार्बन डायऑक्साईड साठतो, माणूस गुंगीत जातो. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोनवरच ठेवायचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सेलवर चालतं, ते उशाशी असू द्या, आणि आकडा किती खाली आला की निघायचं हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य पुरं होईना, किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपाळल्यासारखे वाटले तर लाईटची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

आईंच्या इन्सुलिनची इतकी काळजी नको. चालू असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर राहू शकते. नेमकं तिच्या खोक्यातल्या कागदावर दिलेलं असतं, ते एकदा वाचून घ्या. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये असतील तर लाईट गेल्यावर फ्रिज उघडायचा नाही. बंद फ्रिज चारेक तास गार राहतो. त्यानंतर बाटल्या माजघरात, जमिनीलगत, सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. बर्फाला चिकटवून मुळीच ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकूनच द्यायचं.

---

हर्णैची_लेक

काका, सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. भावाला काकांचं उत्तर पाठवलं, जनरेटरचा विषय संपला. शेजारच्या मुलालाही फोन केला, त्याने वायर अजून बनवली नव्हती.

इन्व्हर्टरचं विचारते. घरी बॅटरी १२ व्होल्ट १५० एएचची आहे असं बाबांनी स्टिकरवर वाचून सांगितलं. मशीनवर ३५० वॅट लिहिलंय. त्यावर मशीन रात्रभर चालेल का? बॅटरी सध्या बाबांच्या खोलीतच, पलंगाजवळ आहे. आणि अंधारात काय वापरायचं, कंदील तर बंदच करायला हवा ना?

---

जुना_लाइनमन

१२ गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातले काही इन्व्हर्टरमध्येच जातात, आणि बॅटरी पार तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. हातात हजार-बाराशे धरा. ३५० ने भागलं की तीन-साडेतीन तास, तेही बॅटरी नवी असेल तर आणि पंखे बंद ठेवले तर. फ्लो कमी केला म्हणून बहुतेक मशीनची वीज फारशी कमी होत नाही. म्हणजे रात्र निघणार नाही. इन्व्हर्टरचा उपयोग एवढाच धरा की लाईट गेल्यावर मशीन थांबत नाही आणि सिलिंडर शांतपणे जोडायला वेळ मिळतो.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का ते बघा, त्याच्यावर लिहिलेलं असतं. स्क्वेअर वेव्हवर मशीनची मोटर गरम होते, घरघर करते. आणि बाबांच्या पलंगाजवळचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का तेही बघा. बहुतेक घरांत दिवे-पंखेच घेतलेले असतात, प्लग नसतो. तो एक पॉइंट वायरमनकडून फिरवून घ्या.

बॅटरी त्या खोलीतून बाहेर काढा. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद खोलीत ते साठणं वाईट, आणि तिथेच ऑक्सिजनही असणार. ओटीवर, खिडकीपाशी, उन-पाऊस लागणार नाही अशी जागा बघा. पाणी डिस्टिल्डच घालायचं, आणि पातळी बघताना काडी पेटवायची नाही, टॉर्चचा उजेड घ्यायचा.

दिव्यांचं सोपं आहे. बाजारात इमर्जन्सी एलईडी बल्ब मिळतात, नेहमीच्या होल्डरमध्ये बसतात, आतच छोटी बॅटरी असते, लाईट गेली की आपोआप पेटलेलेच राहतात. एक बाबांच्या खोलीत, एक न्हाणीघराच्या वाटेवर, एक मागच्या दारी. म्हातारी माणसं अंधारात पडतात ती बहुतेक पलंग ते न्हाणीघर एवढ्याच वाटेवर. तिथे पायपुसणी, पाट, कळशी काही ठेवू नका. एकेक टॉर्च दोघांच्या उशाशी, रोज त्याच जागी.

रात्री अंगणात, पडवीत फाट्यांच्या ढिगाशी जायचंच नाही. आपल्याकडे फुरसं भरपूर, मण्यारही आहे, आणि पहिला पाऊस झाला की कोरड्या जागी, लाकडांत येऊन बसतात. जायची वेळ आलीच तर पायात बूट, हातात टॉर्च आणि काठी आपटत. फाटी संध्याकाळी उजेडातच आत घ्यायची.

फोनचं म्हणाल तर टॉवरही बॅटरीवर आणि डिझेलवरच असतात, ते संपलं की रेंज जाते. म्हणून लाईट गेल्या गेल्या पहिल्या दहा मिनिटांत महावितरणच्या १९१२ वर तक्रार द्यायला सांगा, नंतर फोन लागेलच असं नाही. १८००-२३३-३४३५ हाही टोल फ्री आहे. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक विचारतात. तो, गावातल्या वायरमनचा नंबर, डॉक्टरांचा, तुमचा आणि जवळच्या रिक्षावाल्याचा, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागे चिकटवा. मोबाईलमधला नंबर मोबाईल बंद पडल्यावर कामाचा नाही.

---

औशाचा_शेतकरी

कोकणातला धागा असला तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या लातूरकडं लाईट जाते ती निराळ्या तऱ्हेनं. डीपीवरचा फ्यूज उडतो. वायरमन येईपर्यंत पिकाचं पाणी थांबतं, म्हणून गावातला एखादा धाडसी गडी स्वतःच डीपीवर फ्यूज घालतो. झिरो वायरमन म्हणतात आमच्याकडं. ना कागद, ना पगार, ना विमा. गेला तर मागं बायकापोरं उघडी पडतात. गावकऱ्यांनो, कुणालाही डीपीवर चढवू नका. एक पाळी पाणी चुकलं तर पीक सुकेल, पण पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं.

दुसरं मोटारीचं. स्टार्टरला ऑटो लावलेलं असतं, लाईट आली की मोटर आपणहून चालू होते. लाईट नाही म्हणून माणूस विहिरीत उतरतो फुटबॉल (पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) काढायला, कुणी पाइपाचा जोड आवळत बसतो, आणि वर लाईट येते. माझे वडील लाईट नसली तरी आधी स्टार्टरच्या पेटीतल्या तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात घालायचे, मगच खाली उतरायचे. पेटीपाशी ठेवायच्या नाहीत, खिशातच. मागून आलेल्या पोरानं लावायला नकोत. मीही तसंच करतो, आणि माझ्या पोराला तसंच शिकवलंय.

---

ठाण्याहून_अश्विनी

आमच्यासारख्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक मुद्दा टाकते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तेव्हा एक आजोबा आणि त्यांची नात अडकली. वॉचमन दार फाकवून त्यांना मजल्यांच्या मधूनच बाहेर ओढायला निघाला होता. सेक्रेटरींनी अडवलं, ते फार बरं झालं. अर्धवट बाहेर निघालेल्या माणसासकट लिफ्ट हलली तर काय होईल याचा विचारही करवत नाही. आत हवा पुरेशी असते, लिफ्ट हवाबंद नसते. अलार्म दाबायचा, खाली बसून घ्यायचं, बाहेरच्याने बोलत राहायचं आणि लिफ्टच्या माणसालाच येऊ द्यायचं.

नंतर आम्ही सोसायटीत एआरडी बसवून घेतलं. लाईट गेली की ते बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं. पण त्याची बॅटरी मेली तर कुणाला कळतही नाही, म्हणून दर महिन्याला मेन बंद करून चाचणी घ्यायची असा ठरावच केलाय. तुमच्या सोसायटीत एआरडी असेल तर त्याची शेवटची चाचणी कधी झाली हे नक्की विचारा. आणि घरी कुणी मशीनवर असेल तर आधीच सोसायटीच्या ऑफिसात नाव देऊन ठेवा, म्हणजे लाईट गेल्यावर वॉचमन आधी त्या दारावर येतो.

---

हर्णैची_लेक

शनिवारी गावी जाऊन आले, म्हणून कळवते. दोन बी टाइप सिलिंडर आणले, बाबांच्या पलंगाशेजारी भिंतीला पट्ट्याने बांधले. सिस्टर म्हणाल्या ते अगदी खरं निघालं, आईच्या हाताने व्हॉल्व्ह हलेना. दुकानदाराने एकदा सैल करून पुन्हा बेताचा लावून दिला, आता तिला जमतं. तिच्याकडून सगळं करून घेतलं, चावी लावणं, रेग्युलेटर, नळी, फ्लो दाखवणारी गोळी दोनवर आणणं. बाबा शेजारी बसून तिला शिकवायला बघत होते, तिने त्यांना गप्प बसवलं.

बॅटरी ओटीवर गेली. ईएलसीबी नव्हताच, तो बसवला. बसवल्या बसवल्या पडला. वायरमनने शोधलं तर मागच्या दारचा दिवा, होल्डरमध्ये पाणी जाऊन हिरवा गंज चढला होता. आई रोज संध्याकाळी त्याच दिव्याचं बटण ओल्या हाताने लावायची.

कपड्यांची तार खरंच खांबाच्या ताणाला बांधलेली होती. बाबा म्हणाले, वर्षानुवर्षं तशीच आहे. काढली. काका, एक विचारायचं राहिलं. आमच्या सर्व्हिस वायरवर नारळाच्या झावळ्या टेकतात. बाबा म्हणतात कोयती बांबूला बांधून मीच छाटतो, हलकं काम आहे.

---

जुना_लाइनमन

बाबांना छाटू देऊ नका, आणि माडावर चढणाऱ्या पाडेकऱ्यालाही परस्पर सांगू नका. ओला बांबू आणि हिरवी झावळी दोन्हीतून करंट येतो. सर्व्हिस वायरचं वरचं वेष्टण वर्षानुवर्षं झावळी घासून निघालेलं असतं, खालून दिसत नाही. आपल्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, झावळ्या लाईनला लागतात म्हणून. पावसाळ्याआधी फांद्या तोडायचं काम चालूच असतं, त्या दिवशी लाईन बंद ठेवतात. वायरमन समोर उभा राहून लाईन बंद आहे म्हणेल तेव्हाच पाडेकरी वर चढेल. त्याच वेळी वायरमनला सर्व्हिस वायरही तपासायला सांगा, घासलेली असली तर बदलून घ्या. अर्जाच्या प्रतीवर तारीख टाकून पोच घ्यायला विसरू नका, आणि बाबांची कोयती आठवडाभर कुठेतरी उंचावर ठेवून द्या.